कोण फुटलं?

कंपनी बंद पडली आणि थकलेल्या पगारासाठी आम्ही कामगार नगरच्या कोर्टात गेलो. तेव्हापासून माझा स्वभाव बिघडला. संशय घेण्याचं खातं पूर्वी घरात बायकोकडं होतं, ते मी हाती घेतलं.

कंपनीचा सारखा निरोप यायचा, निम्मे पैसे घ्या आणि दावा मागं घ्या. चारजण फुटले की बाकीचे आपोआप ढेपाळणार, हे मॅनेजरला ठाऊक होतं आणि आम्हालाही. त्यामुळं तारखेला आम्ही वकिलाकडं कमी आणि एकमेकांकडंच जास्त बघायचो.

त्यातच मॅनेजरच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका आमच्या घरोघर आल्या. लग्न शेवगावला. कोर्टाबाहेर चहा पिताना ठरलं, कुणीही जायचं नाही. माझा साडू माझ्याच खात्यात फिटर होता. तो टपरी हादरेल असा ओरडला, "जाईल त्यो फुटला!" इतकं ओरडल्यामुळं मला नेमका तोच फुटणार असं वाटलं.

लग्नाच्या दिवशी त्याचा फोन बंद. मी तडक एसटीनं शेवगाव गाठलं. जेवायला नव्हे हां, पाळतीवर. कार्यालयात डोकावतो, तर साडू पंगतीत, पुढ्यात बुंदी.

"काय पाव्हणं, फुटला ना?"

"तुमच्यावर ध्यान ठेवाया आलोय. मला वाटलंच हुतं तुमी येनार. बसा, भात गरम हाय."

त्याच्या शेजारी आमचे युनियनचे पुढारी. तेही पाळतीवर. ओळीनं सगळी पाळत बुंदी खात बसलेली.

तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला, "कंपनीच्या कामगार बंधूंनी सत्कारासाठी पुढं यावं!" भर लग्नात फेटा नको म्हणणं आमच्याकडं कुणाला जमत नाही, नवरीचा अपमान होतो. मॅनेजरनं सगळ्यांना फेटे बांधवले आणि मधे उभं राहून फोटो काढून घेतला.

पुढच्या तारखेला कंपनीच्या वकिलानं तोच फोटो कोर्टात दाखवला. "साहेब, यांचे संबंध घरोब्याचे आहेत. कामगार तडजोडीला तयार आहेत."

न्यायाधीशांनी आम्हाला उभं केलं. "निम्म्यावर दावा मागं घ्यायला तयार आहात?"

"न्हाई!"

मी एकेकाचं तोंड तपासत होतो. पुढाऱ्यांचं उघडलं. साडूचं तर मिशीसकट उघडलं. एकही फुटला नव्हता. मला अगदी भरून आलं.

मग लक्षात आलं, साहेब माझ्याकडंच बघत होते. सगळेच बघत होते. दुसऱ्यांची तोंडं मोजताना माझं उघडायचं राहून गेलं होतं.

"तुमचं काय?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई, साहेब," मी म्हणालो. पण ते एकट्याचं, उशिराचं आणि चिरकं निघालं.

दावा अजून चालू आहे. तारखेला मला आता मधोमध उभं करतात. एका बाजूला पुढारी, दुसऱ्या बाजूला साडू, आणि साहेबांनी काही विचारलं की दोन्हीकडून कोपर बसतं.