नवनीतसरांचा स्कंदरबेग

शहाद्यापासून चार मैलांवरच्या त्या गावात नवनीत पाटलाला तोंडावर सगळे 'सर' म्हणतात आणि पाठीमागे 'स्कंदरबेग'. तो हायस्कुलात इतिहास शिकवतो. धडा वेळेत संपवतो आणि उरलेल्या दहा मिनिटांत पोरांना अल्बानियात नेऊन सोडतो. सहाशे वर्षांपूर्वी त्या डोंगराळ मुलखात स्कंदरबेग नावाचा सरदार राज्य करत होता, हे या गावातल्या सातवीच्या पोरांना जेवढं पक्कं ठाऊक आहे, तेवढं तालुक्यात कुणाला नसेल.

हे वेड कॉलेजातलं. नवनीतचे वडील लवकर गेले. तीन एकर केळीच्या जोरावर धनुबाईनं, त्याच्या आईनं, त्याला नंदुरबारला बी.ए.ला घातलं. तिथं रद्दीच्या दुकानात त्याला पुठ्ठा गेलेलं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. आत एक दाढीवाला योद्धा, शिरस्त्राणावर बोकडाचं मुंडकं. नवनीतनं ते चित्र मोठं करून घेतलं, काच बसवली आणि पुढच्या खोलीत आजोबा आणि वडिलांच्या फोटोंशेजारी लावलं, कारण रिकामा खिळा तेवढाच होता.

धनुबाई पहिल्यांदा करवादली. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरून ती फोटोंना गंध लावायला उभी राहिली, तेव्हा रांगेतल्या एकालाच कोरडं ठेवायला तिचं बोट धजेना. त्या वर्षापासून स्कंदरबेगालाही गंध लागू लागलं.

तिला खरी काळजी होती ती पोराच्या लग्नाची. नवनीतला चौतीस पूर्ण झाली होती. मुलगी पाहायला गेला, की तो पाचव्या मिनिटाला अल्बानियात. दोंडाईच्याला तर त्यानं किल्ल्याचा वेढा एवढा रंगवून सांगितला, की मुलीचा बाप बसल्या जागी घोरू लागला.

म्हणून यंदा आखाजीनंतरच्या रविवारी रंजिता नावाच्या मुलीकडचे घर पाहायला येणार म्हटल्यावर धनुबाईनं पोराला सकाळीच दम दिला, "आज त्या बोकडवालानं नाव काढं, तर माले माय म्हनू नको."

"नही काढस, माय."

चित्र उतरवावं असंही तिच्या मनात आलं. पण मागे भिंतीचा पांढरा चौकोन दिसला असता, म्हणून राहू दिलं.

रंजिता डोंगरातल्या मोलगीकडच्या शाळेत शिक्षिका. तिच्या घरात शब्द चालायचा तो मामांचा, भाईदासभाऊंचा. घर पाहायला मुलीला कुणी आणत नाही, पण 'राहायचं मला आहे' म्हणून ती सोबत आलीच. चहा झाला. भाईदासभाऊ कप हातात घेऊन भिंतीपाशी गेले.

"हाऊ तुम्हना सासरा. हाऊ मालक. आनि हाऊ, डोकावर बोकड लिसन उभा शे, तो कोन?"

काचेवर आखाजीचं गंध अजून ठसठशीत होतं. धनुबाईच्या तोंडातून निघून गेलं, "आमना मूळपुरुष."

भाईदासभाऊंनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले. "गढी व्हती?"

"व्हती ना! डोंगरवर."

आता मागे फिरायची सोय नव्हती, आणि पंधरा वर्षं भाकरी थापता थापता ऐकलेलं सगळं तिच्या जिभेवर तयार होतं. "लहानपनी बादशहा त्याले ओलीस लई गयथा. तठेच वाढना, तठेच सरदार व्हयना. मंग एक दिन तीनशे घोडेस्वार लिसन घर उना अन् बापनी गढी परत लिधी. पुढे पंचवीस वरीस बादशहाले गढी लिऊ दिधी नही."

"वा! अन् कारभार कसा करे?"

"आजूबाजूना सगळा सरदार एक जागे बसाडात. जमीन ज्यानी त्यानाकडे. हाऊ फक्त लढाईना पुढारी."

"म्हंजे साखर कारखानाना चेअरमन!"

"तसाच. अन् रुसनारा चार जन तठेबी व्हतात."

भाईदासभाऊ खूश झाले. नवनीत मात्र ओठ घट्ट मिटून, मांडीवर मुठी आवळून बसला होता. आता विषय बदलला असता तर निभावलं असतं.

"किती पिढ्या व्हयन्यात?" भाईदासभाऊंनी विचारलं.

"व्हयन्या व्हतीन सात-आठ," धनुबाई म्हणाली.

"माय, चौदाशे पाचचा जन्म आहे त्याचा!" नवनीत उठूनच उभा राहिला. इतिहासावर आला की तो शाळेतली मराठी बोलतो. "सात-आठ पिढ्या कशा होतील? मामा, माफ करा. हा आमचा कुणी नाही. हा अल्बानियाचा स्कंदरबेग. माझ्या नादापायी आईला खोटं बोलावं लागलं."

धनुबाई रिकाम्या बशीकडे बघत बसली.

"मी हात जोडात ना त्याले!" असं म्हणून भाईदासभाऊंनी टोपी उचलली. "चाल, रंजिता."

रंजिता उठली नाही. तिनं विचारलं, "सर, त्याची बायको कोण होती?"

"दोनिका. शेजारच्या सरदाराची मुलगी. चौदाशे एकावन्नला लग्न झालं."

"म्हणजे तेव्हा त्याचं वय?"

नवनीतनं मान खाली घातली. "सेहेचाळीस."

भाईदासभाऊंची टोपी डोक्याजवळच थांबली आणि ते खो खो हसू लागले. "धनुताई, तुम्हना पोऱ्याले आजून बारा वरीस शेतस!" हसता हसता ते परत खुर्चीत बसले.

"आणि तो गेल्यावर तिचं काय झालं?" रंजिता सोडेना.

"तो अडुसष्ट साली वारला. मग ती मुलाला घेऊन इटलीला गेली. पुढे..." नवनीत अडखळला. "पुढचं मला माहीत नाही."

"पंधरा वर्षं वाचताय ना?"

"लढाया वाचल्या."

"मग आता हे वाचा आणि मला येऊन सांगा. तोवर मी मामांना हो किंवा नाही, काहीच सांगणार नाही."

त्या आठवड्यात नवनीतनं कुणाकुणाला मेल केले, जुने कागद शोधले. रंजिताच्या शाळेच्या पाड्यावर फोन लागत नाही, म्हणून ती आठवडेबाजाराला येते त्या दिवशी रजा टाकून तो जीपमध्ये दाटीवाटीनं मोलगीला गेला. धनुबाई दिवसभर दारात. तो संध्याकाळी धुळीनं माखून उतरला.

"काय म्हने?"

"माय, दोनिका नेपल्सच्या राणीबरोबर थेट स्पेनला गेली! परक्या मुलखात मानानं राहिली. आम्ही भज्यांच्या गाडीपाशी दोन तास बोललो."

"अरे, पन हो म्हने का नही?"

नवनीत थबकला. "ते विचारायचंच राहिलं."

धनुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. नवनीत केळीला पाणी सोडायला मागे गेला. तिनं भाजी फोडणीला टाकली, पण तीत मीठ एकदा घातलं की दोनदा, हे तिला आठवेना. तेवढ्यात भाईदासभाऊंचा फोन आला.

"ताई, पोरगीनी बजारमाईन फोन कया. हो म्हनस. म्हनस, ज्या मानूसले माहीत नही ते माहीत नही म्हनता येस, अन् मंग शोधीसन सांगाले डोंगर चढी येस, तो चालस."

"परत सांगा बरं, भाऊ," धनुबाई म्हणाली. आणि तिनं फोनचा स्पीकर लावून मागच्या दारातून केळीकडे तोंड करून नवनीतला हाक मारली.