पायाखालचं खापर

जेवणानंतर तंबूत जरा आडवी होते. चैत्राचं ऊन कापडातून गाळून आत येतंय, बाहेर कुणीतरी घमेलं खरवडतंय, आणि माझ्या मुठीत निळ्या झिलईचं खापर आहे. करंजवेस गावच्या तटाच्या पायाखालून काल उत्खननात निघालेलं. ते बहामनी काळातलं, म्हणजे यादवांनंतरचं आहे यात मला तरी शंका नाही. म्हणजे त्यावर उभा असलेला तट यादवांचा नाही. मैंदर्गीकर सरांनी मात्र तो यादवांचाच म्हणून हयातभर सांगितलं, पुस्तक लिहिलं, अख्ख्या गावाला पटवून दिलं. सर गेले त्याला वर्ष होतंय. उद्या गावात त्यांची स्मृतिसभा आहे आणि तटाविषयी बोलायचंय मला. खरं बोलावं तर सरांना त्यांच्या माघारी खोटं पाडल्यासारखं होतं. गप्प बसावं तर त्यांच्या हाताखाली शिकले तरी कशाला?

घमेल्याचा आवाज लांब जातो.

सर खड्ड्यात उकिडवे बसलेत. ते गेलेत हे मला ठाऊक आहे, पण तसं विचारणं बरं दिसत नाही म्हणून मी विचारत नाही. खड्ड्यात उतरते तर पायाला त्यांच्या घरची शहाबादी फरशी लागते. टेबलापाशी काकू, सरांच्या पत्नी, आमटी वाढताहेत आणि त्यांची नेहमीची तक्रार चालू आहे: ह्या माणसाला ताटातलं चाखायला सवड नाही, खापरं मात्र चाटत फिरतो. माती किती पक्की भाजलीय ते कळावं म्हणून सर खरंच खापराची तुटकी कड जिभेला लावायचे. आम्ही विद्यार्थी हसायचो आणि त्यांची पाठ वळली की तेच करायचो.

खिडकीबाहेर तट आहे, निम्माच. गवंडी दगड चढवताहेत, चुन्याची घाणी फिरतेय.

"कुणाचा हा तट, सर?"

"मला काय विचारतेस? पायाखाली काय मिळालं?"

मूठ उघडायचा मला धीर होत नाही. ते माझी बोटं सोडवतात, खापर उन्हात धरतात, मग कड जिभेला लावतात. मला रडूच येतं.

"तुमचं पुस्तक चुकीचं ठरतंय."

"ठरू दे की. पायाखाली जे सापडतं, भिंत त्याच्यानंतरची. हे तुला शिकवलं कुणी?"

"तुम्ही."

"मग तेवढं तरी मी बरोबर सांगितलं." आणि ते मिशीत हसतात. आपण त्या जागी इतकं खोल खणलंच नव्हतं, म्हणतात, तू खणलंस, यात रडण्यासारखं काय आहे? खापर परत माझ्या तळहातावर ठेवतात. "उद्या सगळं सांग. आणि हिला पुढच्या रांगेत बसव. हिला हल्ली कमी ऐकू येतं."

"मॅडम." आमचे नकाशे काढणारा इरफान तंबूचा पडदा सारून उभा आहे. "गावातनं फोन येतायत. भाषणाचा विषय काय सांगू?"

"तट बहामनी आहे, हाच," मी उठून बसत सांगते. "आणि काकूंसाठी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवायला सांग."

तो गेल्यावर मूठ उघडते. खापर कोरडं ठणठणीत आहे, फक्त तुटक्या कडेला बोटाच्या पेराएवढी ओल आहे. झोपेत मीच चाटलं असेल म्हणून जीभ टाळूवरून फिरवून बघते. मातीची चव कुठेच नाही.