पाच चाळीसची नोंद

खंडेनवमीला आमच्या सर्व्हर रूममध्ये पूजा व्हायची. यंत्रांना हळदकुंकू लावायला नियमाने बंदी होती. हाराबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे सर्व्हर ठेवलेल्या रॅकच्या जाळीच्या दरवाजावर झेंडूचा जाडजूड हार चढायचा. महाप्यातल्या त्या कंपनीत मी बिघाडांचे अहवाल लिहीत असे. त्याआधीची बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली होती.

त्या वर्षी पूजेच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास एक सर्व्हर तापून आपोआप बंद पडला. हाराने हवा अडली, हे लगेच कळलं. पण सर्व्हर तापू लागला की सगळ्यांच्या फोनवर इशारे येतात; ते कुणालाच का आले नव्हते? सर्व्हरच्या तब्येतीवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा लॉग उघडला. त्यात एक ओळ सापडली: पाच वाजून चाळीस मिनिटांनी तो रॅक मेंटेनन्स मोडमध्ये टाकला. म्हणजे त्याचे इशारे बंद केले. लॉगिन सगळ्यांचं मिळून एकच होतं, त्यामुळे कुणी केलं ते दिसत नव्हतं. मात्र पहाटे पाच चाळीसला ड्युटीवर एकच व्यक्ती होती.

ती जवळच्या दिवाळे गावातली, मासळी विकणाऱ्या घरातली. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होती आणि कायम झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात साहेबांच्या सहीसाठी आलं होतं. केव्हा काय केलं गेलं हे टिपून ठेवणारा तो लॉग महिनाभर बसून तिनेच लावला होता. मी अहवालात लिहिलं: ‘पहाटेच्या पाळीत इशारे बंद करण्यात आले.’ साहेबांनी पत्र फाइलमधून काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर दुपारी बाराला तिला बोलावलं. साहेब मूळचे साताऱ्याकडचे, राहायला करंजाड्याला. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“चुकून झालं असंल तर सांगून टाक, बाई.”

“चुकून काय सर, झोपेतपन नाय केलं,” ती म्हणाली. “तुमी जरा इकडं या.”

तिने आमच्यासमोर लॉगिन केलं आणि लॉगची शेवटची ओळ दाखवली. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले होते. ओळीत साडेसहा होते.

“हे अजून ग्रिनिचच्या टायमावर चाललंय. आपला टाइम लावायची परवानगी मी मागितलेली. अर्ज तुमच्याच टेबलावर हाय.”

पाच चाळीसमध्ये साडेपाच तास मिळवले की अकरा दहा होतात. त्या दिवशी ती सकाळी सातलाच घरी गेली होती. अकरा दहाला आरती चालू होती आणि आरतीचे फोटो ऑफिसच्या ग्रुपवर आले होते. तिने मोबाइल पुढे केला. फोटोत सगळे हात जोडून उभे होते. एक जण पाठमोरा, हात माउसवर.

“सगळी देवाकडं बगतायत, सर. तुमी कुठं बगताय?”

साहेबांनी फोटो मोठा केला.

“आयला. हार घातल्या घातल्या कॉम्प्युटरवर ते टीं-टीं सुरू झालं गं, ऐन आरतीत. म्हटलं सगळ्यांच्या फोनवर जायच्या आत पाच मिनिटं गप करू.”

“पाच मिनिटं?”

“मग प्रसाद आला.”

डेस्कवर असताना दुसऱ्यांच्या बातम्यांवर मी लाल शाईने ‘कधी?’ असं लिहीत असे. इथे घड्याळ कुठलं, एवढं विचारायचं मला सुचलं नव्हतं. अहवाल पुन्हा लिहिला, इशारे साहेबांनी बंद केले असं स्पष्ट नमूद करून. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि फक्त प्रसादाचं वाक्य काढायला सांगितलं.

मग ड्रॉवर उघडून त्यांनी तिच्या पत्रावर सही केली. अर्जावरही केली. सहीखाली वेळ टाकायची त्यांची जुनी सवय होती. तिने पत्र दोनदा वाचलं.

“बारा चाळीस. आपलेच ना, सर?”

“आपलेच. जा आता, जेव.”