आमरीला दिलेला ताण

लग्न होऊन मी भोरकडच्या डोंगरातून काटेवाडीला आले, तेव्हा वडिलांनी सोबत आमरी दिली होती. आमरी म्हणजे झाडाच्या फांदीवर वाढणारं आमच्या रानातलं पांढऱ्या फुलांचं रोप. शहरातली माणसं ऑर्किड म्हणतात. "फुलली की कळव, बघायला येईन," वडील म्हणाले. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, या रीतीपायी ते एरवी यायचं टाळत. आमरी हे नुसतं निमित्त, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, हे कळलं आणि त्यांनी आमरी फुलवायचा विडाच उचलला. कालव्यावरची माणसं ती. पाणी घातलं की पिकतं, एवढंच माहीत. थंडीत पानं गळायला लागली की त्या घाबरून तांब्यावर तांब्या ओतायच्या. "तहानलीया गं बिचारी." मग कांड्यांवर फुलांऐवजी नुसती पिल्लं, म्हणजे नवी रोपटी, फुटायची. दोन वर्षं अशीच गेली. मला रडू यायचं, पण इतक्या मायेनं पाणी घालणाऱ्या बाईचा हात धरायचा कसा?

तिसऱ्या थंडीत मामंजी, म्हणजे माझे सासरे, मोसंबीची बाग ताणावर सोडून घरी आले. बहार धरायचा तर आधी पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, हे त्यांचं दरसालचं. आत्याबाईंच्या हातातला तांब्या बघून ते म्हणाले, "बागंला ताण देतो न्हवं आपण? मग हिलाच का बुडवतीस?"

आत्याबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि पाणी बंद झालं. पानं झडली, कांड्या सुरकुतल्या. त्या आमरीकडं पाठ करून भाकरी थापायच्या. बघितलं की हात शिवशिवतात म्हणायच्या. थंडी सरता सरता त्या वाळक्या कांड्यांवर बारीक कळ्या दिसल्या, तेव्हा मला हाक मारायचंही त्यांना सुचलं नाही. हाताला धरून ओढतच नेलं.

फुलं उमलली तसं मी कळवलं, आणि वडील एस.टी.नं आले. फुलांपाशी बराच वेळ उभे राहिले. ऊन तापलं होतं, त्यांचे ओठ सुकले होते, पण पाणी विचारायची माझी छाती होईना. तेवढ्यात आत्याबाई कळशी घेऊन मागच्या दारानं आल्या. तांब्या भरून पुढं केला.

"घ्या पाव्हणं. शेजारणीच्या घरचं हाय. आमच्या रांजणातला थेंब न्हाय त्यात."

वडिलांनी उभ्याउभ्याच तांब्या रिकामा केला, आणि पुन्हा भरायला आत्याबाईंपुढं धरला.