बिनआवाजाची मांजर

खोपोलीत जुन्या हायवेला, घाट सुरू व्हायच्या थोडं अलीकडे, आमचं मिसळीचं हॉटेल आहे. सात टेबलं, पुढे गल्ला, मागे भटारखाना. त्याच्याही मागे एक खोली, कांदे-बटाटे, पिठाची पोती आणि सिलिंडर ठेवायला. नवरा भटारखाना बघतो, मी गल्ल्यावर बसते. मला सांगायचंय ते हॉटेलातल्या मांजरीबद्दल आणि मी जे केलं त्याबद्दल. नवऱ्याला सगळं ठाऊक आहे. बाकी कुणाला मी हे सलग सांगितलेलं नाही.

मांजर आमच्याकडे पिल्लू असताना आली. पावाच्या रिकाम्या क्रेटमध्ये येऊन झोपली आणि राहिली. तांबूस रंगाची, पोटाला पांढरी. तिला आवाज नव्हता. तोंड उघडायची, अगदी म्यांव केल्यासारखा चेहरा करायची, पण बाहेर काही यायचं नाही. तिचं नावही आम्ही कधी ठेवलं नाही. हाक मारायची वेळच यायची नाही, कारण ती गल्ल्यावरच असायची.

तिचा खरा माणूस मी नव्हते. रोज सकाळी आठच्या सुमाराला एक काका यायचे. वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, बायको जाऊन चार-पाच वर्षं झालेली, मुलगा-सुनेकडे राहायचे. बिनसाखरेचा अर्धा चहा घ्यायचे आणि टेबलावर पेपर पसरायचे. मांजर गल्ल्यावरून उतरून थेट त्यांच्या पेपरावर जाऊन बसायची. ते तिला उठवायचे नाहीत. उरलेलं अर्धं पान वाचायचे आणि ती हलेपर्यंत थांबायचे. "बाई, बातमीवर बसलात," एवढंच म्हणायचे. ती तोंड उघडायची. "हो, ऐकलं," काका म्हणायचे. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

मग कॉलेजच्या काही मुलींनी तिचा व्हिडिओ काढला. मिसळीच्या ताटाशेजारी बसून ती बिनआवाजाचं म्यांव करते, एवढाच. त्यावर गाणं लावलेलं, त्यामुळे तिला आवाज नाही हे बघणाऱ्याला कळायचं नाही. तो कुठे कुठे गेला देव जाणे. पुढच्या पावसाळ्यात धबधब्यांना निघालेल्या गाड्या आमच्या दारात थांबायला लागल्या. लोक आत आल्यावर आधी विचारायचे, "मांजर कुठाय?" मग मिसळ मागायचे. मी पाटीवर तिचं चित्र काढून घेतलं. ती माझीच कल्पना होती. नवरा म्हणाला, "अगं, ती काय सर्कशीतली हाय का?" मी हसून सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. लोक माझ्याशी आपणहून बोलत होते, माझेही फोटो काढत होते. आधी इतकी वर्षं गल्ल्यावरच्या बाईकडे कुणी पाहिलं नव्हतं.

दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्याच्या तोंडावर मांजर आजारी पडली. तोंडातून लाळ गळायला लागली, हिरड्या लाल झाल्या, वास यायला लागला. अंग चाटणं तिने सोडलं, त्यामुळे केसांच्या जटा झाल्या. आम्ही तिला कर्जतला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, वय झालंय, इंजेक्शन देतो, बरं वाटेल, पण हे तोंड पूर्ण बरं व्हायचं नाही.

एका शनिवारी एका बाईने तिला जवळ घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. नाकाला रुमाल लावला. आपल्या नवऱ्याला म्हणाली, "इथे खायचं?" आणि ते सगळे उठून गेले. त्याच दिवशी मी मांजरीला मागच्या खोलीत नेलं, पोत्यावर गोधडी घातली, दुधाची वाटी ठेवली आणि दार लावून घेतलं.

दिवसातून चारदा मी आत जायचे. दूध-भात कालवून द्यायचे, मासा कुस्करून द्यायचे, तोंड पुसायचे. उपाशी ठेवलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचे. पण जी मांजर जन्मभर माणसांत बसली, ती आता कांद्याच्या पोत्यांत दाराकडे तोंड करून बसायची. मी बाहेर निघाले की तोंड उघडायची. आवाज नव्हता, म्हणून बाहेर कुणाला कळलं नाही.

लोक विचारतच होते. माझी बहीण मोहोपाड्याला कंपनीच्या कॉलनीत राहते. तिच्या जिन्याखाली एक तांबूस मांजर होती, पोटाला पांढरी, वर्षभराची. मी ती घेऊन आले. नवरा पिशवीत डोकावला आणि म्हणाला, "हे बरं नाय." मी म्हटलं, "कुणाला कळतंय?" आणि खरंच कुणाला कळलं नाही. रविवारी लोकांनी तिचे फोटो काढले. एक जण म्हणाला, काय तब्येत ठेवलीय मावशी. मी म्हटलं, "घरचंच खाते ना."

हे सगळं चाललं होतं तेव्हा काका तापाने घरीच होते. ते आले शनिवारी, सगळी टेबलं भरलेली असताना. नेहमीच्या कोपऱ्यात बसले, पेपर पसरला. नवी मांजर पायाशी घोटाळली आणि मोठ्याने म्यांव केलं. काकांनी चष्मा वर केला. तिला उचलून मांडीवर घेतलं. तिने पुन्हा म्यांव केलं.

"वहिनी," ते म्हणाले, "ही ती नाही."

आसपासचे दोन-चार जण वळले. एका मुलीच्या हातात फोन होता, ती त्याच मांजरीचा व्हिडिओ काढत होती.

"तीच हाय, काका," मी म्हटलं.

"हिला आवाज आहे. तिला आवाज नव्हता."

माझ्या तोंडून जे निघालं ते ठरवून निघालं नाही. पण निघालं तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते. मी म्हटलं, "आवाज पहिल्यापासून हाय तिला. तुमाला आठवत नसेल, काका." आणि त्या मुलीकडे बघून हसले. वय झालेल्या माणसाबद्दल हसतात तसं.

काका मांजरीकडे बघत राहिले, मग आपल्या हाताकडे. मग म्हणाले, "असेल." चहा अर्धा ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही. मला वाटलं, रुसले असतील. बुधवारी दुपारी त्यांची सून आली. शाळेत शिक्षिका आहे, स्कूटरवरून जाता-येता दिसायची, पण आत कधी आली नव्हती. बसली नाही, गल्ल्याशी उभी राहूनच बोलली.

"काकू, एक विचारायचं होतं. बाबा हल्ली थोडं विसरतात. चष्मा, किल्ल्या. परवा गॅस चालू राहिला. आम्हाला वाटलं, वयाने होतं. पण शनिवारपासून ते गप्पच झालेत. म्हणतात, दहा वर्षं रोज पाहिलेल्या मांजरीला आवाज आहे की नाही, हे मला आठवत नाही, म्हणजे माझं काय राहिलं? काल त्यांना डॉक्टरकडे नेलं. आणखी काय विसरतात, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी मांजरीचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं." ती थांबली. "मांजर तीच आहे ना?"

मागच्या खोलीचं दार माझ्या पाठीमागे दहा पावलांवर होतं.

"हो," मी म्हटलं. "तीच हाय."

पहिलं खोटं मी घाईत बोलले, असं म्हणता येईल. हे दुसरं तसं नव्हतं. तिने शांतपणे विचारलं होतं, हॉटेलात कुणी नव्हतं, आणि खरं सांगितलं असतं तर एका म्हाताऱ्या माणसाची भीती तिथल्या तिथे संपली असती. तरी मी हो म्हटलं. कारण शनिवारी खोटं बोलले होते, हे आता कळलं असतं. ती "थँक्यू काकू" म्हणून गेली.

नवऱ्याने भटारखान्यातून सगळं ऐकलं होतं. तो बाहेर आला, हात पुसले आणि हळू म्हणाला, "त्या माणसाचं डोकं फिरवलंस तू." मग आत गेला.  

गुरुवारी सकाळी मी हॉटेल त्याच्यावर सोडून काकांच्या घरी गेले. ते ओट्यावर खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली. मांडीवर एक छोटी वही, शाळेतल्या मुलांची असते तशी. मला पाहून उठायला लागले. मी म्हटलं बसा. वही उघडीच होती आणि मी वाचली. डॉक्टरांनी सांगितलं असावं, की लिहून ठेवत जा. सावकाश, जपून काढलेल्या अक्षरात लिहिलं होतं: किल्ल्या खिळ्यावर. गोळी जेवल्यावर. सून चार वाजता येते. आणि खाली: हॉटेलातल्या मांजरीला आवाज आहे. पहिल्यापासून आहे.

त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या.

 मी खाली पायरीवरच बसले. म्हटलं, "काका, ते खोडा. तुमचं बरोबर होतं. ती मांजर दुसरी हाय. मी खोटं बोलले. तुमच्या सुनेलाबी खोटं सांगितलं."

मला वाटलं होतं, ते ओरडतील. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. त्यांनी फक्त वही मिटली. मग विचारलं, "ती जिवंत आहे?"

"हाय. मागच्या खोलीत. आजारी हाय."

"मग चला," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

मी मागच्या दाराने त्यांना आत नेलं. मांजर गोधडीवर पडली होती. वास येत होता. काका पोत्यावर टेकले आणि तिच्यासमोर हात धरला. तिने मान उचलली आणि तोंड उघडलं. काही ऐकू आलं नाही.

"हो, ऐकलं," काका म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसत बसले. मी दारात उभी होते. आत जावं की बाहेर, मला कळत नव्हतं.

निघताना म्हणाले, "वहिनी, मला एकट्याला सांगितलं असतंत. मी कुणाला बोललो असतो का?"

या एका वाक्यापायी मी किती रात्री जागून काढल्या असतील. कारण नसतेच बोलले. ते कुणाला काही बोलणारे नव्हतेच.

संध्याकाळी सुनेला मी स्वतः सांगितलं, त्यांच्याच दारात. तिने सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. "मी तुम्हाला विचारलं होतं, काकू," म्हणाली. मी मान हलवली. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर काका रोज मागच्या दाराने यायचे. पेपर पोत्यावर पसरायचे. मी चहा तिथे नेऊन ठेवायचे आणि परत गल्ल्यावर यायचे. खोलीचं दार आता उघडं असायचं. मांजर बाहेर येण्याइतकी धड राहिली नव्हती. नवरात्राच्या सुमाराला ती गेली, सकाळी, काका बसलेले असतानाच. नवऱ्याने मागच्या शेवग्याखाली खड्डा खणला. काकांनी तिला त्या दिवसाच्या पेपरात गुंडाळलं.

गोष्ट इथे संपली असती तर माझी थोडी सुटका झाली असती. पण काकांचं विसरणं खरं होतं. ते माझ्यामुळे सुरू झालं नव्हतं, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं नवऱ्याने कुठून तरी ऐकून आणलं. ते त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. वर्षभरात काका बरंच विसरायला लागले. एकटे येणं बंद झालं. रविवारी सून स्कूटरवर आणायची. ती आत यायची नाही. रस्त्यापलीकडे स्कूटर लावून, हेल्मेट हातात धरून उभी राहायची.

एका रविवारी ते नेहमीच्या कोपऱ्यात बसले. दुसरी मांजर आता मोठी झाली होती, तीही पेपरावर बसायला शिकली होती. काका तिच्याकडे बघून एकदम खुलले. सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, ही आपली तीच ना?"

सगळी टेबलं भरलेली होती. निम्मे लोक मांजरीसाठी आलेले. हो म्हटलं असतं तर त्यांना आनंद झाला असता, लोकांनाही झाला असता, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. भटारखान्यातून नवरा बघत होता. रस्त्यापलीकडून सूनही बघत होती, तिला ऐकू येत नसलं तरी.

मी गल्ल्यावरून उठून त्यांच्याजवळ गेले. "नाही काका. ती गेली. ही दुसरी हाय. तुमी तेव्हाच ओळखलं होतं. मीच तुमाला खोटं सांगितलं."

शेजारच्या टेबलावर एकाने फोटोसाठी धरलेला फोन खाली घेतला. कुणीतरी पाटीवरच्या चित्राकडे बघितलं. 

"असं होय," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. थोडा वेळ ते मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग चहा प्यायले.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा तेच विचारलं, तितक्याच आनंदाने. मी पुन्हा तेच सांगितलं, आणि त्यांचा चेहरा पुन्हा पडला. नवरा एकदा म्हणाला, "आता हो म्हण की गं. किती वेळा दुखवणार त्यांना?" त्याचं चुकत नसेल. पण मला हो म्हणता येत नाही. खरं सांगते ते त्यांच्यासाठी की स्वतःसाठी, हे मला अजून कळलेलं नाही. दर रविवारी साडेआठला स्कूटर पलीकडे थांबते, आणि माझे हात गल्ल्यावर उगाच काहीतरी आवरायला लागतात.