न झालेल्या सप्तपदीचा घटस्फोट

पुण्यात घटस्फोटाला वकील शोधायचा तर आधी ओळख शोधावी लागते. दाताचा डॉक्टर, सुतार, फ्लॅटचा बिल्डर, सगळे आम्हाला ओळखीतले लागतात. मग लग्न मोडणारा तरी परका कसा चालेल? हडपसरच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी म्हणाली, "अगं, मंडईमागे एक वकील आहेत, माझ्या मावशीचा त्यांनीच केला. म्युच्युअल असेल तर दोन सह्या आणि सुटलात." मावशी सुटली म्हणजे माणूस कामाचा असणार, एवढ्या भक्कम पुराव्यावर मी त्यांची वेळ घेतली.

आमचं म्युच्युअलच होतं. मी आणि नवरा वर्षाहून जास्त काळ वेगळे राहत होतो. तो औंधला, मी धायरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मूलबाळ नाही, मारहाण नाही, कोणाची भानगड नाही. दोघंही सॉफ्टवेअरमधले, तेव्हा आयटीवाल्यांना शहरात जावयासारखा मान होता, आणि दोघांच्या कंपन्यांनी मिळून आम्हाला इतकं वापरून घेतलं होतं की भांडायलाही रविवारच उरायचा. पण खरं कारण ते नव्हे. नवऱ्याचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांत मावायचं, "सोड ना." घरमालकानं खोटी वजावट केली, सोड ना. त्याच्या मित्रानं माझ्यासमोर 'कोट्यातून आलेल्यां'वर विनोद केला, सोड ना. शेवटी मी सोडलं, त्यालाच.

घाई एका गोष्टीची होती. त्याला कंपनी अमेरिकेला पाठवत होती, तीन आठवड्यांनी विमान, निदान दोन वर्षांसाठी. अर्ज दाखल करायला दोघांनी कोर्टात हजर राहायला हवं; सहा महिन्यांनंतरच्या तारखेला त्याच्या घरचं कोणी मुखत्यारपत्र घेऊन आलं तरी चालणार होतं. तोवर जमलं तर जमलं, नाहीतर दोन वर्षं मी ना धड नांदणारी, ना धड सुटलेली.

आणि घरी पप्पा माझ्याशी बोलत नव्हते. पप्पा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, जन्मभर फायली सांभाळलेले. नातेवाइकांत पहिली इंजिनिअर झालेली मुलगी म्हणून त्यांनी मला मिरवलं होतं. घटस्फोटाचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "मला काही सांगू नकोस," आणि तो आदेश त्यांनी स्वतःच चार महिने काटेकोर पाळला. मी फोन केला आणि त्यांनी उचलला तर एक शब्द न बोलता आईच्या हातात द्यायचे.

वकीलसाहेबांचं ऑफिस मंडईच्या मागे, पहिल्या मजल्यावर. जिना चढताना खालून कोथिंबिरीचा वास यायचा. साहेब वयानं साठीचे, अंगानं बारीक, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण येऊन त्यांची झोपमोड केली आहे. त्यांनी आमची नावं, पत्ते विचारले, टायपिस्टला म्हणाले, "म्युच्युअलचा काढा," आणि दहा मिनिटांत चार पानी अर्ज तयार! आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या कंपन्यांत दहा मिनिटांत साधी मीटिंग सुरू होत नाही.

वाचायला घेतला तर दुसऱ्या पानावर आम्हाला एक मुलगी होती. सात वर्षांची. तिचा ताबा माझ्याकडे.

"अभिनंदन," नवरा हळूच म्हणाला. फार दिवसांनी मला त्याच्या बोलण्याचं हसू आलं.

"मागच्या पार्टीचं राहिलं असेल," साहेब जराही न हलता म्हणाले. "फॉरमॅट एकच असतो हो. नावं बदलायची. मुलगी काढा रे ती."

मुलगी गेली. तिच्या वरच्या परिच्छेदावर माझी नजर थांबली. 'उभय पक्षकारांचा विवाह हिंदू वैदिक पद्धतीने, अग्नीच्या साक्षीने व सप्तपदी होऊन संपन्न झाला.'

"हेही काढा," मी म्हणाले. "आमची सप्तपदी झालेली नाही."

साहेबांनी पहिल्यांदा चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सप्तपदी नाही? मग लग्न झालं कसं?"

"बौद्ध पद्धतीनं. त्रिसरण, पंचशील घेऊन, दोघांनी सगळ्यांसमोर प्रतिज्ञा करून."

"अस्सं अस्सं," साहेब म्हणाले. मग तो पुणेरी विराम. पुण्यात बोलण्यापेक्षा हे थांबणं जास्त बोलतं. मग वाक्य आलंच: "आडनावावरून वाटलं नाही हो."

"वाटायला काय हवं होतं?" मी विचारलं. त्यावर त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "हे बघा मॅडम, कायदा तुम्हालाही तोच लागू होतो. वीस वर्षं हा मजकूर चालतोय. कोणी वाचत नाही. करा सही."

"मी वाचला ना."

नवरा म्हणाला, "सोड ना. विमान आहे माझं. एक ओळ आहे."

माझं डोकं सटकलं. ज्या अग्नीभोवती फिरायचं नाही म्हणून माझ्या आजोबांनी अख्ख्या गावाशी वैर घेतलं, त्या अग्नीभोवती हा टायपिस्ट मला दहा मिनिटांत फिरवून आणणार, आणि मी त्याखाली सही करायची? तेही सुटण्यासाठी? "तुझंही लग्न होतं ते," मी नवऱ्याला म्हणाले. "तूही पंचशील म्हटलं होतंस. का ओठच हलवत होतास?"

साहेबांनी सुस्कारा सोडला. "बदलतो. पण मग लग्नाचं मूळ प्रमाणपत्र लागेल. कोर्टातले लोक विचारणार. शुक्रवारपर्यंत आणा, नाहीतर ह्यांच्या विमानाआधी तारीख मिळायची नाही."

"मघाशी तर नको होतं!"

"सप्तपदी म्हटलं की कोणी विचारत नाही."

"म्हणजे खोटं लिहिलं तर पुरावा नको, आणि खरं लिहिलं तर हवा?"

"मॅडम, प्रॅक्टिकल व्हा," साहेब म्हणाले. त्या वर्षी जो उठेल तो मला प्रॅक्टिकल व्हायला सांगत होता.

प्रमाणपत्र होतं पप्पांकडे. लग्न लावणाऱ्या संस्थेनं दिलेलं, शिक्क्यासकट, त्यांच्या कपाटात. आई ते चोरून आणून देईना. "त्यांच्या फायलीला मी हात लावत नाही बाई, तूच माग." दोन दिवस मी फोन हातात घेऊन ठेवत राहिले. खरं सांगते, मला भीती वाटत होती. जे लग्न मोडतेय म्हणून ते माझ्याशी बोलत नव्हते, ते मोडायला त्यांच्याकडूनच कागद मागायचा. गुरुवारी शेवटी केला. त्यांनीच उचलला. त्यांनी आईला द्यायच्या आत मी एका दमात सगळं सांगून टाकलं. अग्नी, सप्तपदी, आडनाव, मंडईमागचं ऑफिस, शुक्रवार. मग आईचा आवाज: "काय म्हणालीस गं त्यांना? कपाट उघडून बसलेत."

शुक्रवारी नवरा आणि मी वकिलाकडे बसलो होतो. प्रमाणपत्र नव्हतं. साहेब जुनाच मजकूर पुढे सरकवणार, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि पप्पा आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत फाईल. नवरा ताडकन उठून उभा राहिला. पप्पांनी कोणाकडेच पाहिलं नाही. खुर्चीवर बसले आणि साहेबांना म्हणाले, "आधी अर्ज दाखवा."

चारही पानं त्यांनी वाचली. सावकाश, प्रत्येक ओळीखाली बोट धरून. वीस वर्षं न वाचलेला मजकूर कोणीतरी वाचत होता आणि साहेब खुर्चीत चुळबुळत होते. मग पप्पांनी फायलीतून प्रमाणपत्र काढलं. "मूळ प्रत आहे. पोच द्या."

"अहो, पोच कसली, विश्वास..."

"पोच द्या."

साहेबांनी मुकाट्यानं पोच लिहिली, सही केली, तारीख घातली. पप्पांनी ती वाचून खिशात ठेवली आणि आमच्याकडे वळले.

"दोघांची मर्जी आहे?"

"आहे," नवरा म्हणाला. मी मान हलवली.

"लग्नाच्या दिवशीही दोघांना हेच विचारलं होतं," पप्पा म्हणाले. "फेरे घालून दिली असती, तर म्हणालो असतो, जा, नांद. आपण मर्जी विचारून लावलं. मग आता मर्जी नाही म्हणतेस, तर मी कोणत्या तोंडानं रुसून बसू? चार महिने बसलो. चुकलं माझं."

लग्नात मी रडले नव्हते. तिथं, त्या कोथिंबिरीच्या वासात, परक्या माणसासमोर, हमसून हमसून रडले. नवऱ्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. तोवर टायपिस्टनं सप्तपदी काढून नवं पान आणलं होतं; पप्पांनी ते वाचून अर्ज माझ्यासमोर सरकवला.

"सही कर," ते म्हणाले. "आई जेवायची थांबलीय."