वडाला बांधलेली वार

कुजक्या पेंढ्याचा वास आला की मला पेणजवळच्या गडब गावाबाहेरचा तो वड आठवतो. म्हशी दिवस भरायच्या आत का गाभडतात, यावर संशोधन करणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंसोबत मी रोगांची पत्रकं वाटत हिंडत होतो. भर दुपारी पान हलत नव्हतं, तरी वडाला टांगलेली पेंढ्याची गाठोडी हळूहळू फिरत होती. म्हशीची पडलेली वार, म्हणजे गर्भाबरोबर बाहेर पडणारं वेष्टण, पेंढ्यात गुंडाळून वडासारख्या चिकाच्या झाडाला बांधली की दूध वाढतं, असा तिथला समज. सकाळीच एक म्हैस गाभडली होती आणि तिची वार त्या घरची पोटुशी सून उघड्या हातांनी बांधत होती. "टाक ते! त्यातूनच रोग लागतो," डॉक्टरीणबाई ओरडल्या. सासू हसली. "रोग म्हशीला हाय गो बाय, हिला नाय. नेहमी हीच बांधते." मग सहज म्हणाली, "हीपण दोनदा गाभडली." जनावराचा शब्द माणसाला! मी भांडायला तोंड उघडलं, पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "गाडीत बस. आधी पेणला तुझं रक्त तपासू," त्या सुनेला म्हणाल्या. सून ओल्या हातांकडे बघत राहिली. "बाई, ह्यो तरी ऱ्हाईल ना?" त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं. आजही मी पत्रकं लिहितो. 'जनावरांचे रोग' असा मथळा मात्र माझ्याच्यानं लिहवत नाही.